वाटणी हाताने करावी

लिनक्स ही संगणकप्रणाली यंत्रावर बसवताना एक पडदा असा येतो, जिथे मराठीचे बहुतेक प्राध्यापक खुर्ची सोडून उठतात आणि शेजारच्या विभागातल्या एखाद्या तरुणाला हाक मारतात. डिस्कचे काय करायचे, असे तो पडदा विचारतो. सगळी डिस्क मी घेऊ, की भाग तुम्ही स्वतः पाडणार? पहिल्या पर्यायावर बोट ठेवले की पुढे फारसे काही विचारले जात नाही; वीसेक मिनिटांत नवी प्रणाली उभी राहते आणि डिस्कवर आधी जे काही होते ते गेलेले असते. दुसरा पर्याय निवडला तर एक तक्ता समोर येतो, त्यात आकडे असतात, न कळणारी नावे असतात, आणि प्रत्येक ओळीपुढे काहीतरी ठरवावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाने या ठिकाणी खुर्ची सोडू नये, एवढेच मला म्हणायचे आहे. हा निर्णय तांत्रिक दिसतो खरा, पण काय राखायचे, काय बदलू द्यायचे आणि दोहोंमध्ये हद्द कुठे घालायची हे ठरवणे हे संपादकाचे काम आहे, आणि ते आपण वर्गात शिकवत असतो.

विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. विंडोज ११ साधारण २०१७-१८ पूर्वीच्या बहुतेक प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणजे महाविद्यालयांच्या विभागांत, ग्रंथालयांत, शिक्षकांच्या घरी जी चालती यंत्रे आहेत, त्यांतल्या कित्येकांपुढे भंगार किंवा लिनक्स असे दोनच रस्ते उरतात. हिंगोली जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतली महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अशा महाविद्यालयाच्या मराठी विभागातल्या एकुलत्या एका यंत्रात काय साठलेले असते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. विद्यार्थ्यांनी आजीकडून उतरवून आणलेल्या जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, फोनवर ध्वनिमुद्रित केलेली भारुडे, कोणाचा अर्धा प्रबंध, जुन्या फाँटात टंकलेले आणि म्हणून आता कोणालाच नीट न वाचता येणारे एखादे परिसंवादाचे टिपण. हे सारे डेस्कटॉपवर, एकाच ड्राइव्हमध्ये, 'न्यू फोल्डर (३)' अशा नावाखाली. आणि दुकानातला मुलगा येऊन विचारतो, "सर, फॉरमॅट मारून देऊ का?"

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळू लागल्या. एवढा मोठा संग्रह टिकतो तो गोळा करणाऱ्यांइतकाच पुढे राखण करणाऱ्यांमुळे. आपल्या विभागांतले संग्रह लहान असतात. त्यांची राखण 'सर, फॉरमॅट मारून देऊ का' या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो यावर असते.

आता शब्दाकडे वळू. पार्टिशन हा शब्द मराठीला नवा नाही. मोठ्या खोलीत प्लायवुडची आडभिंत घातली की आपण 'पार्टिशन घातले' म्हणतो. गंमत अशी, की घरातले पार्टिशन म्हणजे भिंत आणि डिस्कवरचे पार्टिशन म्हणजे भिंतीमुळे तयार झालेली खोली. शब्द तोच, पण एकीकडे तो हद्दीचे नाव आहे आणि दुसरीकडे हद्दीच्या आतल्या जागेचे. नवशिक्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. 'पार्टिशन काढून टाका' म्हटल्यावर त्याला वाटते, मधली भिंत गेली आणि खोल्या एक झाल्या. प्रत्यक्षात खोलीच खातेवहीतून गेलेली असते.

संगणकाच्या दुकानांतून मात्र मराठीने आपले काम चोख केले आहे. तिथे पार्टिशन 'पाडतात'. प्लॉट पाडावे, तुकडे पाडावे, तसे. क्रियापद अस्सल आहे आणि नेमके आहे. सलग जमिनीतून मोजून हिस्से वेगळे काढण्याची सगळी छटा त्यात आहे. कोशकारांनी 'विभाजन' म्हटले असते आणि वर्तमानपत्रवाल्यांनी 'फाळणी'. 'फाळणी' या शब्दावर १९४७ चे एवढे रक्त सांडले आहे की तो डिस्कवर वापरणे मला तरी जमणार नाही. 'विभाजन' निर्दोष आहे, पण त्याला कसलाच वास नाही. माझी पसंती क्रियेसाठी 'वाटणी'ला आणि जागेसाठी 'खण' या शब्दाला आहे. जुन्या माळवदाच्या घराचा आकार खणांत सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. टेबलाला, कपाटालाही खण असतात. खण म्हटले की भिंत आणि जागा यांचा गोंधळ आपोआप मिटतो.

डिस्कवर भिंत नसतेच, हे इथे सांगायला हवे. मराठवाड्यात दोन वावरांच्या मध्ये धुरा असतो. तो दिसतो, त्यावरून चालता येते, आणि तो वीतभर सरकला म्हणून भावाभावांत पिढ्यान्पिढ्या बोलणे बंद होते. डिस्कवर धुरा नाही, फक्त सातबारा आहे. जुन्या पद्धतीत हा सातबारा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत लिहिलेला असे, आणि त्यातही वाटणीच्या तक्त्याला जागा ६४ बाइटांची: सोळा-सोळा बाइटांच्या चार नोंदी. म्हणून मुख्य खण चारच पाडता येत. पाचवा हवा असेल तर चौथ्याला 'विस्तारित' म्हणायचे आणि त्याच्या पोटात पोटहिस्से करायचे. नव्या पद्धतीत, जिला जीपीटी म्हणतात, सहसा १२८ नोंदींची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. तलाठ्याकडचा कागद फाटला तरी तहसिलात नक्कल आहे, असा हा प्रकार.

नोंद पुसली म्हणून जमीन नाहीशी होत नाही. चुकून खण काढला गेला आणि त्यानंतर डिस्कवर काही लिहिले गेले नाही, तर टेस्टडिस्कसारखी साधने जुन्या खुणा शोधून तक्ता पुन्हा मांडू शकतात. फॉरमॅट ही पुढची पायरी आहे. तिथे खणाच्या आतली मांडणीच नवी होते. फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवर त्यानंतरही काही अवशेष हाती लागतात, पण हल्लीच्या एसएसडीवर फॉरमॅट करतानाच सगळी जागा मोकळी करण्याचा हुकूम दिला जातो आणि मग उत्खननाला काही उरत नाही. ज्यांना 'हस्तलिखितावर पुन्हा लिहिले तरी खालची अक्षरे दिसतात' ही पाठचिकित्सेतली कल्पना प्रिय आहे, त्यांनी एसएसडीबाबत ती सोडून द्यावी.

हद्द कागदावर असते, हे हिंगोलीकरांना वेगळे समजवावे लागत नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी कयाधू नदी वळली नाही की औंढ्याचे देऊळ हलले नाही. (औंढ्याचे देऊळ एकदा फिरले होते, पण ती गोष्ट नामदेवांची आणि निराळी.) बदलली ती नोंद, आणि नोंदीबरोबर वाट बदलली. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नरसी १९९९ पूर्वीच्या सगळ्या पुस्तकांत 'परभणी जिल्ह्यातील नरसी' आहे आणि नंतरच्या पुस्तकांत 'हिंगोली जिल्ह्यातील नरसी'. गाव तेच, पोचण्याचा लेखी रस्ता वेगळा. लिनक्समध्ये खण कुठल्या नावाखाली दिसणार हे ठरवण्याची जी क्रिया आहे, तिला माउंट करणे म्हणतात, आणि ती नेमकी हीच आहे. विंडोजमध्ये प्रत्येक खणाला सी, डी, ई असे वेगळे अक्षर मिळते, जणू प्रत्येक वाटेकऱ्याचे वेगळे गाव. लिनक्समध्ये झाड एकच असते. त्याच्या मुळाला रूट म्हणतात, खूण एक तिरकी रेघ. बाकीचे सगळे खण या झाडाच्या कुठल्या ना कुठल्या फांदीला जोडले जातात. एखादा खण आज एका फांदीला आणि उद्या दुसरीला जोडता येतो. आतल्या अक्षराला धक्का लागत नाही.

या फांद्यांपैकी साहित्याच्या माणसाने लक्षात ठेवावी अशी एक आहे. तिचे नाव होम. प्रणालीचा सारा संसार, म्हणजे तिचे कार्यक्रम, तिच्या जुळण्या, तिची आवरासावर, रूटमध्ये चालतो. वापरणाऱ्याचे जे काही आहे, त्याची टिपणे, चित्रे, ध्वनिमुद्रणे, ते होममध्ये राहते. आपोआप बसवताना ही दोन्ही सहसा एकाच खणात टाकली जातात. हाताने वाटणी करणारा त्यांना वेगळे खण देऊ शकतो, आणि हाताने करण्याचा सगळ्यांत मोठा लाभ माझ्या मते हाच. पुढे दोन-तीन वर्षांनी प्रणाली जुनी झाली, बिघडली, किंवा डेबियन सोडून फेडोरा घ्यावीशी वाटली, की रूटचा खण फॉरमॅट करायचा, होमचा खण होमलाच जोडायचा आणि त्याच्यापुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा पाहायचे. घर पाडून नवे बांधले तरी बळदातले धान्य जागच्या जागी.

आकड्यांचे म्हणाल तर फार डोके लढवायचे कारण नाही. पाचशे जीबीची डिस्क असेल आणि यंत्र गेल्या दहा-बारा वर्षांतले असेल, तर सुरुवातीला ईएफआयसाठी अर्धा ते एक जीबी, रूटला पन्नास-साठ, स्वॅपला चार ते आठ, आणि उरलेले सगळे होमला. स्वॅप म्हणजे स्मरणात मावेनासे झाले की तात्पुरते बाजूला ठेवण्याची जागा, घरातल्या माळ्यासारखी. विंडोज शेजारी ठेवायची असेल तर तिचा खण विंडोजमध्येच जाऊन आधी आकसून घ्यावा, लिनक्सच्या हाताने तिच्या हद्दीत शिरू नये; आणि ईएफआयचा खण तिचा आधीच असतो, तोच वापरावा, फॉरमॅट करू नये. या सगळ्याच्या आधी एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर. ही सूचना प्रत्येक जण देतो आणि फार थोडे पाळतात, म्हणून मीही देतो.

मघाशी संपादकाचे काम म्हटले, ते अलंकार म्हणून नव्हे. नामदेवांच्या गाथेचा प्रश्न घ्या. 'नामा म्हणे' या मुद्रेखाली शतकानुशतके जे साठत गेले त्यात सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याची आणि आणखीही नंतरच्या नाम्यांची रचना मिसळली आहे, हे अभ्यासक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७० साली नामदेव गाथा प्रसिद्ध केली, तरी कुठला अभंग कोणाचा हा वाद संपला नाही. एकाच मुद्रेखाली सगळे राहिले याचा अर्थ, डिस्क सलग होती आणि होम वेगळे पाडलेले नव्हते. उलट पंजाबकडे पाहा. १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध झाला. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, रागांनुसार लावलेली आणि आकड्यांनी मोजलेली. त्या खणात नंतरच्या कोणाला एक ओळ घालता आली नाही. दोन परंपरांपैकी कुठली श्रेष्ठ हे मी म्हणत नाही. महाराष्ट्रातल्या त्या सरमिसळीत लोकांचे प्रेम आहे आणि ते पंजाबच्या काटेकोरपणात मावले नसते. पण पाचशे वर्षांनी कोणी विचारले की यातले मूळचे काय आणि मागाहून आलेले काय, तर ज्याने वेळीच वाटणी केली त्याच्याकडेच उत्तर असते. विद्यार्थ्याने औंढ्यात उतरवलेली ओवी, शिक्षकाने तिच्यावर केलेली दुरुस्ती आणि प्रबंधात छापलेला पाठ हे तिन्ही एकाच फोल्डरात एकाच नावाने ठेवणारे विभाग मी पाहिले आहेत. ते लोक डिस्कचे खण पाडायला शिकले, तर फोल्डरांचेही पाडतील, अशी मला आशा आहे.

आक्षेप अपेक्षित आहे आणि तो गैर नाही. नवख्याला तक्त्यापुढे बसवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. यंत्राला ठरवू दिले तर ते निदान चुकीचा आकडा तरी भरत नाही. डिस्क कोरी असेल तर हे मला मान्य आहे. नवे यंत्र, आत काही नाही, तिथे खुशाल आपोआपचा पर्याय घ्यावा. डेबियनमध्ये तर आपोआपच्या वाटेवरही होम वेगळे ठेवण्याची सोय दिलेली आहे, ती निवडली की बरेचसे काम झाले. पण महाविद्यालयातली डिस्क कोरी नसते. भरलेल्या घराची वाटणी नवख्या कारकुनावर सोपवता येत नाही, आणि आपोआपचा पर्याय हा तसा कारकून आहे: हुकमाचा ताबेदार, वेगवान, आणि घरात कोण राहते याची त्याला कल्पना नाही.

दुसरा आक्षेप आडून येतो. आम्ही साहित्याची माणसे, आम्हाला हे कशाला? याला उत्तर द्यायचे तर हिंगोली जिल्ह्यातच एक ताजे कारण सापडते. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. खर्च २,६०० कोटी रुपये. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांची निरीक्षणे लिनक्सवर चालणाऱ्या संगणकसमूहांवर तपासली जातात, आणि जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. म्हणजे विसोबा खेचरांच्या औंढ्यात ही प्रणाली पदार्थविज्ञानाच्या दाराने येणारच आहे. ती मराठीच्या दाराने येईल का, एवढाच प्रश्न उरतो.

दार अगदीच बंद नाही. मुंबईत सन २००० च्या सुमारास सुरू झालेल्या इंडलिनक्ससारख्या प्रयत्नांतून भारतीय भाषांतल्या लिनक्सची वाट मोकळी झाली. सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारलेली बॉस ही प्रणाली आणली. डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठीही आहे. मात्र ती चित्रमय पडद्यावरच मिळते, कारण साध्या अक्षरी पडद्याला जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवता येत नाहीत. हे काम बहुतांशी स्वयंसेवकांनी आणि मोजक्या नोकरदार अनुवादकांनी केले. त्यात मराठी विभागांचा वाटा जवळजवळ नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर विभागाविभागांतून पेढे वाटले गेले, व्याख्याने झाली. मराठीतून डिस्कची वाटणी करताना येणारे वाक्य एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला कळते का, हे पाहायला कोणी बसल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

वाक्य म्हणतो आहे, शब्द नव्हे. पारिभाषिक शब्दांवर आपण फार भांडतो. १९६२ च्या पदनाम कोशाला अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटले ते अजून सांगितले जाते; शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी आपण आजही जिल्हा, तालुका आणि तहसीलच म्हणतो. पार्टिशन राहिले तरी बिघडत नाही, खण आला तर मला आनंद होईल. पण नाम परके असून क्रियापद आणि वाक्याची घडण मराठी असेल तर माणूस समजतो, आणि दुकानातले 'पार्टिशन पाडणे' हे त्याचे उत्तम उदाहरण. उलट प्रत्येक शब्द तत्सम आणि वाक्य मात्र इंग्रजीच्या साच्यातले असेल, तर संस्कृतचा पदवीधरही अडखळतो. वाटणीच्या पडद्यावर शेवटी एक इशारा येतो: ठरवलेले बदल डिस्कवर लिहायचे का? 'बदल लिहिणे' हे मराठी कानाला निरुपद्रवी वाटते. वहीत काहीतरी टिपून ठेवावे तसे. इथे मराठीने सांगायला हवे ते असे काहीतरी: 'होय म्हटलेत तर या खणातले सगळे जाईल. परत मिळणार नाही.' दोन वाक्ये, एकही अवघड शब्द नाही. अशा शंभर-दोनशे वाक्यांचे अनुवाद तपासणे, ती खेड्यातल्या वाचकाला वाचून दाखवणे आणि सुधारून पाठवणे हा पदव्युत्तर वर्गासाठी उत्तम क्षेत्रप्रकल्प होईल. डेबियनचे अनुवाद कोणालाही उघडून पाहता येतात आणि दुरुस्त्या पाठवता येतात. त्यासाठी कुणाच्या शिफारसपत्राची गरज पडत नाही.

प्रकल्पासाठी यंत्र निवडताना मात्र एक पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर ती नव्याने बसवण्याची सोय राहिलेली नाही. निदान ६४ बिटांचे यंत्र घ्यावे, आत काही नसलेली एखादी सुटी डिस्क जोडावी आणि विद्यार्थ्यांना तिच्यावर चार-सहा वेळा वाटणी करू द्यावी, मोडू द्यावी, पुन्हा करू द्यावी. शेवटच्या प्रश्नाशी पोचल्यावर त्यांना पडदा नीट पाहायला सांगावे. डेबियनमध्ये तिथली खूण आधीपासून 'नाही'वर असते. 'होय'वर ती स्वतःच्या हाताने न्यावी लागते.